आपल्या गावची गोष्ट रेडिओवर कशी जाते?

राब भाजून भाताची रोपे टाकली असतील आणि आता सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागले असतील. लावणीची घाई सुरू होईपर्यंत दोन गोष्टी बोलायला थोडी सवड आहे. म्हणून या खेपेला खत-बियाणे बाजूला ठेवतो आणि एका पत्राचे उत्तर देतो.

पत्र हिंजवडीच्या बाजूच्या एका भगिनीचे आहे. घरी दोन एकर भात, दोन म्हशी, मुलगा आयटी पार्कात नोकरीला. धारा काढताना गोठ्यात रेडिओ लावायची त्यांची जुनी सवय आहे. त्या लिहितात, "बातम्यांत हिंजवडीचे नाव आले की वाहतूक तुंबली असेच असते. आमच्याकडे भात पिकतो, बगाड निघते, भजनी मंडळ आहे, ते कोणी सांगत नाही. रेडिओवर काय जायचे हे ठरवते कोण? आणि आमचे काही जायचे असेल तर भेटायचे कोणाला?"

बाईंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. रेडिओवर आपल्याला निवेदकाचा आवाज ऐकू येतो. तो इतका ओळखीचा होतो की घरातलाच वाटतो. पण काय बोलायचे, कोणी बोलायचे, किती वेळ बोलायचे हे ठरवणारा माणूस वेगळाच असतो. गाडी रस्त्याने चालली की बैल दिसतात, गाडीवान दिसतो. पहाटे उठून चाकाला वंगण कोणी घातले ते कोणाला दिसत नाही. हा माणूस तसा. आकाशवाणीत त्याला कधी निर्माता म्हणतात, कधी कार्यक्रम अधिकारी. बातम्यांकडे असला तर वृत्त संपादक. त्याचे काम एकदा समजून घेतले, म्हणजे बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी सुरू झाले. त्या काळात गावात एखादाच रेडिओ असे, तोही पोस्टात परवान्याचे पैसे भरून ठेवायचा. संध्याकाळी चावडीवर तो लागला की निम्मे गाव जमे. एवढे कान समोर असताना त्यांच्याशी बोलायचे कोणी? इथे पुणे केंद्राने एक शहाणपणाचे काम केले. ग्रामीण कार्यक्रमासाठी १९५५ मध्ये माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांना घेतले. 'बनगरवाडी' लिहिणारे हेच माडगूळकर. धनगरांचे बोलणे, माणदेशातला दुष्काळ, मेंढरांची चाल ज्याने पाहिली आणि ऐकली होती, असा माणूस. पुढे सुमारे तीस वर्षे ते तिथे होते. मी कृषी पदवीधर आहे आणि आमच्या विद्येचा मला अभिमान आहे. तरीही सांगतो, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमावर आधी लेखक बसवला आणि १९६६ पासून 'शेती आणि गृह' विभाग निघाल्यावर कृषीवाले आले, हा क्रम बरोबर होता. उलटे झाले असते तर लोकांनी रेडिओ बंद करून झोप काढली असती.

त्याच वर्षी, म्हणजे १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी त्याच केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. गीते थोरल्या माडगूळकरांची, म्हणजे गदिमांची, आणि संगीत सुधीर फडके यांचे, हे घराघरांत ठाऊक आहे. पण त्यामागे केंद्रावरचे सीताकांत लाड उभे होते, हे किती जणांना माहीत आहे? वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत लिहून घ्यायचे, चाल बसवून घ्यायची, गायक-वादक गोळा करायचे आणि ठरल्या वेळी ते हवेत सोडायचे. अशी ५६ गीते झाली. कवीला सुचले नाही, गायकाचा घसा बसला, तरी रेडिओची वेळ थांबत नाही. दूध संघाची गाडी जशी आपल्यासाठी थांबत नाही, तसेच ते.

आता एका प्रयोगाची हकीकत सांगतो. ती आपल्याच भागातली आहे, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९५६ साली, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोता मंडळे काढली. मंडळात वीसेक माणसे. त्यांनी आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी एकत्र बसायचे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग रेडिओ बंद करून आपसात बोलायचे. कल्पना कॅनडाची, तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे चालली होती. आपल्याकडचे सूत्र तीन शब्दांचे होते: ऐका, चर्चा करा, कृती करा. मंडळाचा एक निमंत्रक असे. चर्चेत काय निघाले, काय शंका आल्या, हे तो केंद्राला लिहून पाठवी. पुण्यात निर्माता ती पत्रे वाची आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे देई. असे वीस कार्यक्रम झाले.

मग त्याची तपासणी झाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने आणि पॉल नॉयरथ नावाच्या अभ्यासकाने मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे अशी तुलना केली. मंडळांच्या गावांत माहिती पुष्कळ वाढली होती. मंडळ नसलेल्या गावांत रेडिओ असूनही फरक थोडाच होता. म्हणजे नुसता डबा आणून उपयोग नाही. ऐकणाऱ्याने उलट बोलले पाहिजे, आणि ते ऐकायला पलीकडे कोणीतरी बसलेले पाहिजे. १९५९ पासून ही योजना देशभर नेली. हजारो मंडळे निघाली, पण पुढे ती विरत गेली. रेडिओ घराघरांत आला तसे चावडीवर जमणे संपले, हे एक कारण. दुसरे माझ्या मते असे, की मंडळांची संख्या मोजायला सगळे होते, पत्रे वाचायला माणसे कमी होती. आमच्या विस्ताराच्या कामातही हेच घडताना मी पाहिले आहे. मेळाव्याला किती आले ते लिहितात, काय विचारून गेले ते लिहीत नाहीत.

तमिळनाडूतल्या तंजावर भागात १९६० नंतरच्या दशकात एडीटी-२७ नावाचे भाताचे वाण आले. त्याची माहिती शेतकऱ्यांना रेडिओवरून इतकी मिळाली की ते त्याला 'रेडिओ तांदूळ'च म्हणू लागले. विलायतेत बीबीसीने १ जानेवारी १९५१ पासून एका शेतकरी कुटुंबाची मालिका देशभर सुरू केली, 'द आर्चर्स' नावाची. युद्धानंतर अन्न कमी पडत होते, तेव्हा सुधारित शेतीची माहिती गोष्टीच्या पोटात घालून द्यायची, असा तिचा हेतू होता. ती मालिका आजही चालू आहे. असो.

निर्मात्याचे रोजचे काम कसे असते, ते एका उदाहरणावरून पाहू. चारसूत्री भात लागवड आपल्या मुळशी-मावळात अनेकांनी केली आहे. तिच्यात ओळीतले अंतर एकसारखे नसते. आलटून पालटून २५ आणि १५ सेंटिमीटर ठेवायचे. त्यामुळे १५ सेंटिमीटरचे चौकोन तयार होतात आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. शेतात उभे राहून हे दाखवायला पाच मिनिटे लागतात. कागदावर चित्र काढले तर दोन मिनिटे. पण रेडिओवर? तिथे बोट दाखवता येत नाही.

आमच्यासारखा अधिकारी स्टुडिओत गेला की खिशातून कागद काढून वाचू लागतो: प्रति हेक्टरी इतक्या गोळ्या, अमुक टक्के नत्राची बचत. निर्माता काच टकटक करतो आणि थांबवतो. "साहेब, हेक्टर कोणाच्या घरी असतो? एकराचे बोला." मग हिशेब असा होतो, की एकराला सुमारे २५ हजार गोळ्या, वजनाने ६८ किलोच्या आसपास. नंतर तो म्हणतो, "सेंटिमीटर नको, दोरी सांगा." मग आपण सांगतो, की घरातली सुतळी घ्या, तिच्यावर रंगाने खुणा करा, आधी दहा बोटे, मग सहा बोटे, पुन्हा दहा, पुन्हा सहा. बोट म्हणजे इंच धरा. लावणी करणाऱ्या बायका खुणेवर चूड लावतील. चार चुडांच्या मधे एक गोळी, बोटभर खाली गाडायची नाही, चांगली तीन-चार बोटे. आता हे गोठ्यात धार काढणाऱ्या बाईलाही डोळ्यांपुढे दिसते. माहिती तीच, ती कानाने दिसेल अशी करून घेणे हे निर्मात्याचे कसब.

त्यापुढे तो आणखी एक गोष्ट करतो. ज्या शेतकऱ्याने हे करून पाहिले आहे, त्याच्या बांधावर यंत्र घेऊन जातो. तिथे अधिकाऱ्याला गप्प बसवतो आणि शेतकऱ्याच्या घरच्या बाईला विचारतो, "गोळ्या खोचायला किती माणसे लागली? मजुरी परवडली का?" खरे उत्तर तिथे मिळते. कधी ते आमच्या खात्याला फारसे गोड लागत नाही. चांगला निर्माता ते कापत नाही.

कापण्याचीही एक कथा आहे. आता सारे संगणकावर होते. पूर्वी आवाज फितीवर घेत, आणि नको तो भाग ब्लेडने कापून उरलेली टोके चिकटपट्टीने जोडत. त्या यंत्रांचा एक नेहमीचा वेग सेकंदाला साडेसात इंचांचा. बोलणारा दोन सेकंद खोकला की पंधरा इंच फीत टोपलीत. तासाभराच्या बोलण्यातून दहा मिनिटे काढायची, तर बाकीचे कापलेच पाहिजे. म्हणून रेडिओवाले तासभर बोलवून घेऊन सहा वाक्ये वापरतात अशी तक्रार करू नका. मळणीनंतर उफणतो तेव्हा आपणही पेंढ्याचा हिशेब ठेवत नाही.

बातम्यांचे खाते वेगळे. तिथे घाई आणि खातरजमा या दोन बैलांना एका जुवाखाली चालवायचे असते. जिल्ह्यातले अर्धवेळ वार्ताहर बातमी कळवतात, कार्यालयांतून पत्रके येतात, संपादक ती पडताळतो, छोटी करतो, आणि वृत्तनिवेदक वाचतो. पुण्याच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्यांवर घड्याळ लावणारी घरे कितीतरी होती. सुधा नरवणे यांचा आवाज आपल्यातल्या जुन्या मंडळींच्या कानात अजून असेल. पुढे देशाचे लष्करप्रमुख झालेले मनोज नरवणे यांच्या त्या आई. दहा मिनिटांच्या बातमीपत्रात एका गावाच्या वाट्याला दोन वाक्ये येतात, आणि ती दोन वाक्ये चुकली तर गावकरी जन्मभर लक्षात ठेवतात. साधे नाव घ्या. आपले गाव हिंजवडी. बाहेरून आलेली मंडळी आणि काही पाट्या हिंजेवाडी करतात. शेजारचे माण, आणि सातारा जिल्ह्यातला माण तालुका. निव्वळ 'माण'मध्ये पाणीटंचाई म्हटले तर ऐकणाऱ्याने कुठले समजावे? दूरच्या शहरात बसलेल्या माणसाला हे सुचणार नाही.

दूरच्या शहराचा विषय उगाच काढलेला नाही. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून ते बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून द्यायचे, असा निर्णय प्रसार भारतीने घेतला होता. पुण्यात आणि बाहेरही नाराजी उमटली आणि त्याच महिन्यात केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी त्याला स्थगिती दिली. संभाजीनगरची मंडळी बातम्या वाईट देतात असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण मुळशीतल्या बातमीसाठी मुळशी ओळखणारा माणूस लागतो. तलाठ्याचा सजा बदलला की पहिले वर्षभर काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

आता हिंजवडीकडे वळू. इथे निर्मात्याने यायचे तर काय ऐकायला यावे?

१९९० नंतरच्या दशकाअखेरीस औद्योगिक विकास महामंडळाने इथे आयटी पार्क उभारायला घेतला. भाताची खाचरे गेली, काचेच्या इमारती आल्या. ज्यांची जमीन गेली त्यांतले काही भाड्याच्या खोल्या बांधून सुखी आहेत, काही पैसा संपवून बसले आहेत, आणि काही आजही उरलेल्या तुकड्यात इंद्रायणी लावतात. हा तांदूळ आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला. एका कुटुंबात म्हातारा खाचरात, सून म्हशींपाशी आणि नातू संगणकापुढे, अशा तीन पिढ्या एका ताटात जेवतात. देशात अशी गावे थोडीच सापडतील. इथे बातमी पिकते आहे, पण वेचायला माणूस नाही.

जून २०२५ चा पहिला मोठा पाऊस आठवा. आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले. पाण्यातल्या मोटारींची चित्रे सगळ्यांनी पाहिली. ओढे-नाले अडवले गेले, बुजवले गेले, हेही तेव्हा पुढे आले. मोटारींची बातमी कोणीही देईल. रेडिओच्या निर्मात्याने मात्र मारुंजी, माण, हिंजवडीच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या माणसांना एकेक करून गाठावे आणि विचारावे, "बाबा, इथे पाणी कुठून यायचे आणि कुठे जायचे? त्या ओढ्याला काय म्हणायचे तुम्ही? कोणाच्या बांधावरून वळायचा?" नकाशावर जे पुसले गेले असेल ते या माणसांच्या बोलण्यात सापडते, कारण त्या ओढ्याच्या पाण्यावर त्यांनी खाचरे भरली आहेत. दहा मिनिटांचा असा एक कार्यक्रम एखाद्या इंजिनिअरच्या कानावर पडला तर त्याच्याही उपयोगाचा आहे. आणि ही माणसे थांबणार नाहीत. दरवर्षी त्यांतली काही कमी होतात.

बगाडाचे तसेच. चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला जाते. 'चांगभलं'च्या गजरात हजारो माणसे चालतात. त्या दिवशी कॅमेरे पुष्कळ येतात आणि गर्दी दाखवून जातात. रेडिओकडे चित्र नाही, म्हणून त्याला आधी यावे लागते. लाकूड कुठून आणले, ते घडवले कोणी, दोर कोणी बांधला, मान कोणत्या घराचा आणि तो का, वाकडच्या आणि हिंजवडीच्या लोकांचे नाते काय, हे आदल्या आठवड्यात विचारून ठेवले तर यात्रेच्या दिवशीचा लाकडाचा करकर आवाज ऐकणाऱ्याला काही सांगतो. नाहीतर तो नुसता गोंगाट. मला विचाराल तर आवाजाची जागा चित्राने भरून निघत नाही. डोळे मिटून भजन ऐकणाऱ्याला हे पटेल.

आणि जात्यावरच्या ओव्या. आपल्या मुळशीच्या डोंगरी गावांतून १९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले गी पॉइटवाँ यांनी ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. २०१७ पासून त्यातल्या ओव्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात इंटरनेटवर ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह. हे काम आकाशवाणीने केलेले नाही, पण जातीने रेडिओचेच आहे: दारात जायचे, बसायचे, यंत्र चालू करायचे आणि मधे बोलायचे नाही. ज्या बायका म्हणत, "आम्हाला काय येतंय," त्यांच्याकडून शेकडो ओव्या निघाल्या. तुमच्या घरी आजी असेल तर तिला आज संध्याकाळीच विचारून पाहा. मोबाईलमध्ये आवाज घेता येतो. नातू घेऊन देईल.

या सगळ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आकाशवाणी सरकारची. १९९७ पासून ती प्रसार भारती या महामंडळाकडे आहे, तरी सरकारविरुद्ध बोलताना तिचा आवाज खाली येतो, हे कान असलेल्या कोणालाही कळते. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून गावात धग असेल आणि रेडिओवर फक्त अधिकाऱ्याची मुलाखत लागेल, असे घडते. निर्मात्यांची पदे रिकामी राहतात, एकाच्या अंगावर तिघांचे काम पडते, मग तो गावात जाण्याऐवजी फोनवर मुलाखत उरकतो. हे बरे नाही. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने नक्की आहे. तिथल्या कृषी कार्यक्रमात औषधाचे शास्त्रीय नाव सांगतात, कंपनीचे नाव घेत नाहीत. दुकानदार उधारीच्या वहीवर हात ठेवून जे औषध गळ्यात मारतो, त्यापेक्षा हा सल्ला भरवशाचा. मोबाईलवर फिरणारे "तातडीने फवारा" असे निरोप तर विसराच. त्याखाली जबाबदारी घेणाऱ्याचे नाव नसते. रेडिओवर बोललेल्याला दुसऱ्या दिवशी जाब विचारता येतो. हवामानाचेही तेच. हवामान खात्याने शेतकऱ्यांसाठीचे बातमीपत्र १९४५ सालापासून रेडिओवरून द्यायला सुरुवात केली, आणि त्या खात्याचा शेतीविभाग आपल्या पुण्यातच आहे.

मोठे केंद्र पोचत नसेल तर छोटे असते. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही आपल्या परिसरापुरते रेडिओ केंद्र चालवण्याची परवानगी मिळू लागली. शंभर वॉटचे यंत्र आणि दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ साली 'माणदेशी तरंग' निघाले; पुण्यात विद्यापीठाची 'विद्यावाणी' त्याआधी २००५ पासून आहे. एवढी कारखानदारी आणि एवढी गावे असलेल्या आपल्या पट्ट्यात एखाद्या संस्थेने मनावर घेतले तर हे अशक्य नाही.

आता बाईंचा दुसरा प्रश्न: भेटायचे कोणाला? पत्र लिहायचे. ग्रामीण कार्यक्रम विभाग, आकाशवाणी केंद्र, शिवाजीनगर, पुणे, एवढा पत्ता पुरतो. पोस्टकार्डही चालते, कारण निर्मात्याला निबंध नको, ठाव हवा असतो. 'आमच्या गावात फार चांगले भजनी मंडळ आहे' असे लिहिले तर पत्र गठ्ठ्यात जाईल. तसे सगळ्याच गावांत असते. 'मंडळात बारा जण, सर्वांत थोरले ऐंशीचे, त्यांना अमुक चाली येतात ज्या आता दुसरे कोणी म्हणत नाही, दर एकादशीला रात्री नऊला विठ्ठलाच्या देवळात बसतात' असे लिहा. शेतीचे असेल तर वाण, क्षेत्र, खर्च आणि उत्पन्न चार ओळींत लिहा, आणि फसले असेल तर तेही. फसलेल्या प्रयोगाला रेडिओवर फार कोणी बोलत नाही, त्यामुळे असे पत्र हटकून उघडले जाते.

माणूस यंत्र घेऊन आला तर दोन गोष्टी सांभाळा. पंखा आणि फ्रीज बंद करा. तुम्हाला त्यांची घरघर ऐकू येत नाही, यंत्राला येते. कोंबड्या, म्हशी, पाण्याचा आवाज असू द्या, तो त्याला हवाच असतो. आणि पुस्तकी बोलू नका. आपण कॅसेट लावल्यासारखे "सदर पिकाची लागवड करण्यात आली" म्हणू लागतो. घरात जसे बोलता तसे बोला. 'पाणी' म्हणा, 'जलसिंचन' म्हणू नका. सरपंचांना शेजारी बसवू नका, नाहीतर तेच बोलतील.

कार्यक्रमांचे वेळापत्रक केंद्रात दोन-तीन महिने आधी ठरते. लावणीचे सांगायचे असेल तर पत्र उन्हाळ्यात गेले पाहिजे, सुगीचे असेल तर श्रावणात. हिंजवडीच्या मंडळींना बगाडाचे सांगायचे असेल, तर चैत्री पौर्णिमेच्या यात्रेसाठी पौष संपायच्या आत कार्ड पेटीत पडू द्या, आणि त्यावर कोणाशी बोलायचे त्या माणसाचा फोन नंबर ठळक अक्षरांत लिहायला विसरू नका.